चित्राखालचं नाव

हावड्याहून निघालेली बंगाल-नागपूर रेल्वेची गाडी तुम्हाला काँटाई रोड स्टेशनावर सोडून पुढे जाते. महिना नोव्हेंबर, साल 1943. फलाटावर पुष्कळ माणसं बसली आहेत. गाडी आली, थांबली, सुटली, तरी त्यांतलं कुणी जागचं हललं नाही. त्यांना कुठे जायचंच नाही. डब्यातून कुणी काही खाली टाकलं तर ते उचलता यावं, एवढ्यासाठी ती इथे बसून आहेत.

स्टेशनाबाहेरचा रस्ता कांथीकडे, म्हणजे समुद्राकडे जातो. तुम्ही चालू लागता आणि पहिला धक्का बसतो तो दोन्ही बाजूंची शेतं बघून. भात पिकलं आहे. आमन भात, लोंब्यांनी वाकलेलं, उन्हात पिवळं पडत चाललेलं. दोन-चार आठवड्यांत कापणी सुरू होईल. त्याच शेताच्या बांधावर एक बाई पडली आहे. तिच्या अंगावरच्या चिंधीला लुगडं म्हणवत नाही. छातीशी मूल आहे, आणि ते रडत नाही हे तुमच्या थोडं उशिरा लक्षात येतं.

दुष्काळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन येते, आटलेली विहीर येते, चाऱ्यावाचून हंबरणारी गुरं येतात. इथे पाणी आहे, हिरवळ आहे, उभं पीक आहे. ज्याने ते लावलं त्याचं मात्र ते आता राहिलेलं नाही. भाव चढायला लागले तेव्हा त्याने आधी पितळेची भांडी विकली, मग उरलासुरला बैल, मग छपराचे पत्रे आणि दारं, आणि शेवटी जमीन. ज्याने ती घेतली तो कुणी परका नव्हता, पुष्कळदा शेजारच्या गावातलाच होता. हे दृश्य नीट बघून घ्या. पुढे जे काही दिसेल ते या पिवळ्या शेताला विसरून समजणार नाही.

इथे एकही जपानी सैनिक पोचलेला नाही, तरी ही युद्धाचीच जमीन आहे. मार्च 1942 मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ येणं बंद झालं. शत्रू किनाऱ्यावर उतरला तर त्याच्या हाती वाहनं लागू नयेत म्हणून सरकारने दहापेक्षा जास्त माणसं नेणाऱ्या होड्या जप्त केल्या. काही फोडल्या, काही बुडवल्या. ज्या मुलखात रस्त्यापेक्षा खाडी जवळची, तिथे मासे मारणारा, मडकी विकणारा आणि भात वाहून नेणारा असे सगळेच एका हुकमाने पांगळे झाले. किनाऱ्याच्या जिल्ह्यांतला ‘जादा’ ठरवलेला तांदूळही उचलून नेला. त्याच वर्षी 16 ऑक्टोबरला, दुर्गापूजेच्या दिवसांत, चक्रीवादळ आलं आणि समुद्र गावांत शिरला. हजारो माणसं गेली, गुरं तर त्याहून कितीतरी जास्त गेली. हा मिदनापूर जिल्हा तेव्हा बंडात होता. तमलुकला सत्तरी ओलांडलेल्या मातंगिनी हाजरा 29 सप्टेंबरला हातात तिरंगा घेऊन गोळीला सामोऱ्या गेल्या होत्या. अशा जिल्ह्यावर वादळ कोसळलं आणि सरकारने त्याची बातमीच दाबून ठेवली.

मग भाव. कलकत्त्यात डिसेंबर 1942 मध्ये तांदूळ मणाला 13-14 रुपये होता. ऑगस्ट 1943 मध्ये तो 37 वर गेला. लष्कर, कारखाने आणि कचेऱ्या यांच्यासाठी शहरात धान्य भरून ठेवलं जात होतं, व्यापारी भाव आणखी चढण्याची वाट बघत होते, आणि शेतमजुराची मजुरी होती तिथेच होती. लंडनकडे जहाजं मागितली, ती पुरेशी मिळाली नाहीत. आता नोव्हेंबरात लोकांना भुकेपेक्षा हिवतापच जास्त उचलून नेतो आहे. त्यावरचं औषध क्विनाइन. जगातलं बहुतेक क्विनाइन जावा बेटावरून यायचं, आणि जावा मार्च 1942 पासून जपानकडे आहे. या रस्त्यावर कुडकुडणाऱ्या माणसाने जावाचं नावही ऐकलेलं नसेल. हजारो मैलांवर कुणीतरी एक बेट जिंकलं म्हणून त्याचा ताप उतरत नाही.

तुम्ही ऐंशी वर्षांपुढून आला आहात, म्हणून येताना एक आकडा बरोबर आणला आहे. चौकशी आयोग पुढे सुमारे 15 लाख मृत्यू मानेल. नंतरचे अभ्यासक 30 लाखांच्या आसपास जातील. हा आकडा इथे कुणालाच माहीत नाही. तुम्हाला तो माहीत आहे, आणि त्याचा इथे काडीइतका उपयोग नाही. कुणाला काही देता येत नाही, काही थांबवता येत नाही. तुम्हाला फक्त बघता येतं.

पुढच्या वळणावर दुसरं कुणीतरी बघत बसलेलं दिसतं.

रस्त्याच्या कडेला एक तरुण उकिडवा बसला आहे. मांडीवर कागद, बाजूला शाईची दौत, हातात कुंचला. समोर एक म्हातारा आहे, मागच्या झाडाला टेकलेला. हा तरुण म्हणजे चित्तप्रसाद. वय 28. आडनाव भट्टाचार्य, पण ते त्यांनी टाकून दिलंय, कारण आडनावाबरोबर जात येते. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. वाढत्या वयाची काही वर्षं चितगावकडे गेली. तिथे ब्रह्मदेशची सरहद्द जवळ आणि 1942 मध्ये जपानी बाँबही पडले. पोस्टरं काढत काढत ते कम्युनिस्ट पक्षात आले आणि आता पक्षाच्या ‘पीपल्स वॉर’ या साप्ताहिकासाठी मिदनापूर जिल्हा पायी पालथा घालत आहेत.

त्यांच्या मागे उभे राहा. कुंचला भरभर चालतो. आधी खांद्याचं हाड, मग गळ्याखालची खळगी, मग एकेक बरगडी. कातडीखालचं सगळं वर आलेलं आहे, म्हणून काळ्या रेषेला जे हवं ते समोर हजरच आहे. मागे झाड काढलं नाही, आभाळ काढलं नाही. दया यावी म्हणून डोळे मोठे केले नाहीत. म्हातारा जसा आहे तसा कागदावर उतरतो. चित्र होतं. आणि मग चित्तप्रसाद जे करतात त्यासाठीच मी तुम्हाला इतक्या लांब घेऊन आलो आहे. ते त्याला नाव विचारतात. गाव विचारतात. काय काम करायचास, घरात कोण कोण होतं, त्यातलं आता कोण आहे. उत्तर यायला वेळ लागतो, कारण बोलायलाही ताकद लागते. ते थांबतात. मग चित्राखाली ते सगळं लिहून काढतात.

तुमच्याजवळ आकडा आहे, त्यांच्याजवळ नाव आहे. या दोहोंतलं अंतर काही मैलांत किंवा वर्षांत मोजण्यासारखं नाही. 30 लाख म्हटलं की मन एकदा दचकतं आणि पुढच्या क्षणी दुसरीकडे वळतं. त्यात मनाचा दोष नाही. इतकं मोठं काही पेलायला ते घडवलेलंच नाही. पण अमुक गावचा अमुक, जातीने अमुक, धंदा अमुक, दोन मुलगे गेले, बायको कुठे आहे ठाऊक नाही, असं वाचलं की पळून जायला वाट राहत नाही. समोर एक माणूस उभा राहतो. उद्या कुणी म्हणालं की अन्नाची थोडी टंचाई होती, बाकी अतिशयोक्ती आहे, तर हा कागद त्याला त्या गावाला जाऊन विचारून यायला सांगू शकतो.

तुम्ही दिवसभर त्यांच्याबरोबर चालता. ओसाड घरं लागतात, दारं विकलेली, म्हणून ती सताड उघडी. लंगरखान्यापुढे रांग आहे. मातीच्या परळात पातळ खिचडी पडते, आणि ती घेऊन चार पावलं जाण्याआधीच माणूस खाली बसतो. दारोदार एकच हाक ऐकू येते, ‘फॅन दाओ, मा’. भात मागायचा धीर राहिलेला नाही. भात शिजवून ओतून टाकलेलं पेजेचं पाणी तेवढं मागायचं. काही गोष्टी मी इथे लिहीत नाही. कुत्री आणि गिधाडं कशावर जगताहेत ते तुम्ही स्वतःच बघाल. चित्तप्रसादांनी तेही काढलं. तिथेही नाव कळलं तर ते लिहिलं.

संध्याकाळपर्यंत तुमच्या मनात एक प्रश्न येणारच आणि तो यायलाच हवा. पेज मागणाऱ्यासमोर बसून चित्र काढायचं? त्या कुंचल्याने कुणाचं पोट भरलं? मला वाटतं, या प्रश्नातून कुणा कलावंताची सुटका नसते आणि नसावी. युद्धाच्या काळात चित्र काढणाऱ्याने स्वतःला निर्दोष समजायला सुरुवात केली की त्याची रेषा खोटी होते. पण याच प्रश्नाची दुसरी बाजूही बघा. मिदनापूरला डॉक्टर हवे होते, धान्य हवं होतं, होड्या हव्या होत्या. यातलं काही एक चित्रकार आणू शकत नव्हता. ज्यांच्याकडे ते होतं, त्यांना मात्र ‘दुष्काळ’ हा शब्दही नको होता. सरकारने बंगालात दुष्काळ पडल्याचं कधी अधिकृतपणे जाहीरच केलं नाही. जे जाहीर होत नाही त्यासाठी मदत मागता येत नाही. अशा वेळी घडतंय ते घडतंय म्हणून लिहून ठेवणं हे काम उरतं, आणि ते कुणीतरी करावंच लागतं.

ते करणारे एकटे चित्तप्रसाद नव्हते. याच महिन्यांत कलकत्त्याच्या आर्ट स्कूलमधले तरुण शिक्षक झैनुल आबेदिन फुटपाथवर मरणारी माणसं काळ्या शाईने साध्या, स्वस्त कागदावर काढत आहेत. सुनील जाना कॅमेरा घेऊन बंगालभर फिरताहेत. ‘स्टेट्समन’चे संपादक इयन स्टीफन्स यांनी 22 ऑगस्टला भुकेल्या माणसांची छायाचित्रं छापून दिल्लीपासून लंडनपर्यंत खळबळ उडवली आहे. चितगावकडे सोमनाथ होर नावाचा बावीस वर्षांचा मुलगा आहे. त्याला रस्त्यावर नेऊन काढायला लावलं ते चित्तप्रसादांनीच. पुढे हा मुलगा मोठा चित्रकार-शिल्पकार होईल आणि 1970 नंतर पांढऱ्या कागदाच्या लगद्यावर नुसते पांढरे व्रण उमटवील. त्या ‘वूंड्स’ मालिकेची पहिली जखम या रस्त्यांवरची आहे.

आता मुंबईकडे चला.

तुम्ही बोरीबंदरला उतरता तेव्हा 1944 उजाडलं आहे. युद्ध इथे वेगळं दिसतं. रस्त्यावरच्या दिव्यांना झाकणं घातली आहेत, मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवले आहेत, गोदीत लष्करी जहाजांची रीघ आहे. रेशनच्या दुकानापुढे पिशव्या घेतलेल्या बायका उभ्या आहेत. मुंबईत मे 1943 मध्येच रेशन सुरू झालं. कलकत्त्याला ते आत्ता, दुष्काळाचा सगळ्यात वाईट काळ उलटून गेल्यावर येत आहे. मिदनापूरचा रस्ता बघून आलेल्या तुम्हाला ही रांग निराळी दिसेल. तिच्यात उभ्या असलेल्या बाईला तांदळाचा खडा लागतो, वजन कमी वाटतं, ती दुकानदाराशी भांडते. तिच्या अंगात भांडायचं बळ आहे ते या पिशवीमुळे. बंगालात रेशन सुरू करता आलं नसतं असं कुणी म्हणालं तर त्याला ही रांग दाखवावी.

गिरगावातून खेतवाडीत शिरा. इथे पक्षाचं छापखान्याचं काम चालतं. खिळे जुळवणारे कंपोझिटर वाकून बसले आहेत, शाईचा आणि रॉकेलचा वास आहे. कागदावर सरकारचं नियंत्रण, जो मिळतो तो करडा आणि खरखरीत. छायाचित्र छापायचं तर बारीक ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक लागतो, आणि अशा कागदावर ते ठिपके शाईत मिसळून चेहऱ्याचा काळा डाग होतो. कुंचल्याच्या काळ्या रेषेचा लाइन ब्लॉक मात्र जस्तावर चटकन तयार होतो आणि वाईटात वाईट कागदावरही स्वच्छ उठतो. चित्तप्रसादांच्या चित्रांत करड्या छटा कमी आणि काळं-पांढरं ठसठशीत का, याचं एक उत्तर या यंत्राजवळ उभं राहिलं की मिळतं. दुसरं उत्तर ज्याच्या त्याच्या मनाचं. मला मात्र ही गोष्ट फार मोलाची वाटते, की या माणसाने आपली कला स्वस्त कागदाला सोसेल अशी घडवली. भिंतीवर एकच चित्र लावण्यापेक्षा ते हजारो हातांत पडावं, ही त्यांची ओढ शेवटपर्यंत राहिली.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. काँग्रेसचे पुढारी तुरुंगात आहेत, साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहतं आहे, तमलुकलाही तसंच ‘जातीय सरकार’ (बंगालीत ‘जातीय’ म्हणजे राष्ट्रीय) चालू आहे, आणि या छापखान्यातले लोक मात्र हे युद्ध लोकयुद्ध आहे म्हणून इंग्रजांच्या युद्धकार्याला पाठिंबा देत आहेत. हिटलर हरला पाहिजे ही त्यांची तळमळ खरी होती. पण ज्या जिल्ह्यातून चित्तप्रसाद चालले, त्याच जिल्ह्यातल्या बंडखोरांच्या घरांवरून सरकारने वरवंटा फिरवला होता. ही गाठ सुटणारी नाही आणि ती सोडवल्याचा आव मी आणणार नाही. मला एवढंच दिसतं, की पक्षाची भूमिका पुढे कितीदा तरी बदलली, पण झाडाला टेकलेल्या त्या म्हाताऱ्याचं चित्र कुठल्याच भूमिकेला बांधलेलं नव्हतं, म्हणून ते टिकलं.

संध्याकाळी परळला जा. गिरणीची पाळी सुटली आहे, चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत गॅसबत्ती पेटली आहे. डफावर थाप पडते, तुणतुणं लागतं, झीलकरी मागे सज्ज होतात. वाटेगावातून आईबापांबरोबर लहानपणी चालत मुंबईला आलेले, शाळेत जेमतेम दीड दिवस बसलेले, गिरणीत राबलेले अण्णाभाऊ साठे आता विशीत आहेत. त्यांचा ‘स्टॅलिनग्राडचा पोवाडा’ इथे गाजतो आहे. तुम्ही नीट कान द्या. व्होल्गा नदी, बर्फ, रणगाडे यांतलं काहीही ना गाणाऱ्याने पाहिलंय ना ऐकणाऱ्याने. तरी शिवाजीमहाराजांच्या पराक्रमासाठी घडलेल्या त्या छंदात एका परक्या शहरातली घराघरातली लढाई चपखल बसते, आणि दिवसभर साच्यावर उभं राहून आलेला कामगार मान उंच करून ऐकतो. बार्शीचे अमर शेख यांचा आवाज चाळीच्या वरच्या मजल्यापर्यंत जातो, त्याला कर्ण्याची गरज पडत नाही. याच वर्षी अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर मिळून लाल बावटा कलापथक उभं करतील. अण्णाभाऊंना रशिया प्रत्यक्ष दिसायला मात्र 1961 उजाडेल.

एके काळी मला वाटायचं की दूरच्या युद्धावर गाणं ही एक प्रकारची पळवाट आहे. परळच्या त्या चौकात तसं वाटत नाही. बंगालातून बिनय राय यांचं पथक भुकेची गाणी घेऊन गावोगाव फिरतं आहे. मुंबईत मे 1943 मध्ये इप्टा या जननाट्य संघटनेची स्थापना झाली, आणि तिचं नगारा वाजवणाऱ्याचं बोधचिन्हही चित्तप्रसादांनीच काढलं. गाणं संपलं की झोळी फिरते. तिच्यात आणे पडतात, चवल्या पडतात. स्वतःची खोली दहा जणांत वाटून राहणारा माणूस बंगालसाठी पैसे काढून देतो. गाण्याने पोट भरत नाही असं म्हणणाऱ्याला या झोळीचा हिशेब विचारात घ्यावा लागेल.

चित्तप्रसादांचं पुस्तकही झालं आहे. नाव ‘हंग्री बेंगाल’. मिदनापूरच्या त्या फेरीतली चित्रं आणि त्यांचा स्वतःचा मजकूर. मोठा ग्रंथ नाही, हातात मावेल एवढंसं काम. सरकारने ते जप्त केलं. सुमारे 5,000 प्रती नष्ट करण्यात आल्या.

जरा विचार करा. इंग्रज सरकारपुढे तेव्हा जपान आहे, जर्मनी आहे, आसामची सरहद्द आहे, तुरुंगात कोंडलेले हजारो सत्याग्रही आहेत. एवढ्या व्यापात त्याला एका अठ्ठावीस वर्षांच्या, कुठल्याही कलाशाळेत न गेलेल्या पोराचं पातळसं पुस्तक जाळायला सवड काढावी लागली. का? भुकेल्यांची छायाचित्रं तर आधीच छापली गेली होती. माझं उत्तर असं, की त्या चित्रांखाली गावं होती आणि नावं होती. बिननावाचा मेलेला माणूस दैवाच्या खात्यावर टाकता येतो. वादळाच्या, पावसाच्या, लोकांच्या अडाणीपणाच्या खात्यावर टाकता येतो. नाव-गाव असलेला माणूस कुणामुळे मेला हे विचारावं लागतं, आणि ते पुस्तक नेमकं तेच विचारत होतं.

एक प्रत वाचली. चित्तप्रसादांच्या घरच्यांनी ती जपून ठेवली, आणि 2011 मध्ये दिल्लीच्या एका कलादालनाने तिची हुबेहूब आवृत्ती छापली. म्हणून आज ती तुमच्या हातात पडू शकते. त्यातली नावं मी इथे उतरवून घेत नाही. ती त्या चेहऱ्यांच्या खालीच वाचा.

थोडे पुढे या, स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत. मधलं पुष्कळसं झटकन मागे जाऊ द्या. एप्रिल 1944 मध्ये मुंबईच्याच गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे दारूगोळ्याचं जहाज फुटलं आणि युद्ध दूर आहे असं मानणाऱ्या शहरात शेकडो माणसं मेली. फेब्रुवारी 1946 मध्ये नाविकांचं बंड झालं, तेही चित्तप्रसादांनी काढलं. मग फाळणी झाली, पक्षात भांडणं झाली, आणि ते पक्षापासून बाजूला झाले.

आता ते अंधेरीत राहतात. तुम्ही अंधेरीहून कितीदा लोकल पकडली असेल. स्टेशनातून रोज लाखो माणसं वाहतात, आणि इथल्याच एका खोलीत जवळपास तीस वर्षं हा माणूस राहिला हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. मुंबईच्या चित्रकलेचा इतिहास सांगताना आपण प्रोग्रेसिव्ह ग्रुपची नावं भराभर घेतो, आणि ती घ्यावीतच. पण अंधेरीची ही खोली त्या इतिहासात शोधावी लागते. हे मला खटकतं.

खोलीत पैसा नाही. टेबलावर लिनोलियमचा तुकडा आहे, कोरण्या आहेत. लिनो स्वस्त पडतो, आणि छापायला मोठं यंत्रही लागत नाही. शाई लावायची, कागद ठेवायचा, पाठीवरून घासायचं. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’साठी त्यांनी असंच काम केलं. आता ते मुलं कोरत आहेत. मिदनापूरच्या रस्त्यावरची मुलं भुकेने मेली होती. ही जिवंत आहेत आणि राबत आहेत, ओझी उचलताहेत, फुटपाथवर झोपताहेत. या मालिकेला त्यांनी नाव दिलं ‘एंजल्स विदाउट फेअरी टेल्स’, म्हणजे ज्यांच्या वाट्याला परीकथा आल्याच नाहीत असे देवदूत. पुढे 1969 मध्ये युनिसेफच्या डॅनिश समितीने ती पुस्तकरूपाने छापली. युद्ध संपून चौदा-पंधरा वर्षं झाली, वीस झाली, तरी या माणसाचं काम संपत नाही, कारण युद्धाने जे उघडं पाडलं होतं ते शांततेत झाकलं गेलं, मिटलं नाही.

पण कपाटाजवळ बघा काय टांगलंय. बाहुल्या. कळसूत्री बाहुल्या, लाकडाच्या आणि चिंध्यांच्या, रंगवलेल्या तोंडांच्या. एका चेक मित्रामुळे त्यांना हा नाद लागला आणि त्यांनी ‘खेलाघर’ नावाचं बाहुल्यांचं थिएटर उभं केलं. संहिता त्यांची, पडदे त्यांचे, आवाजही त्यांचेच. प्रेक्षक म्हणजे आसपासच्या वस्तीतली पोरं.

आज खेळ आहे. तुम्ही जरा बाजूला सरा, कारण दाराशी चपलांचा ढीग पडायला लागला आहे आणि पोरं एकमेकांना ढकलत आत येताहेत. कुणी मराठी, कुणी गुजराती, कुणी कोकणी, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड. पडदा सरकतो. राक्षस येतो आणि पुढची रांग किंचाळते. मग तो आपटतो आणि सगळी खोली हसते. एक मुलगा उभा राहून राक्षसाला सांगतो की तुझ्या पाठीमागे कोण आहे ते बघ. चित्तप्रसाद पडद्यामागून राक्षसाला मुद्दाम चुकीच्या बाजूला वळवतात. खेळ संपतो तरी कुणी उठत नाही. पुन्हा दाखवा, असा एकच गलका होतो. दोऱ्या पुन्हा ताणल्या जातात. पुढच्याच्या डोक्यामुळे दिसत नाही म्हणून एक पोरगी न विचारता तुमच्या गुडघ्यावर चढून बसते आणि तुमची मान हाताने बाजूला करून पडद्याकडे बघायला लागते.